अतिमानवाचे पतन आणि अनुकरणाचे देशीकरण

‘सुपरमॅन ४ : द क्वेस्ट फॉर पीस’ (१९८७) हा चित्रपट अतिमानवपटांच्या इतिहासात अपयशाचे प्रमाण म्हणून उल्लेखिला जातो. १९७८ साली सुरू झालेल्या मालिकेचा हा चौथा भाग. सॅलकाइंड निर्मात्यांकडून मालिका गोलान आणि ग्लोबस यांच्या ‘कॅनन’ संस्थेकडे आली आणि सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरचा नियोजित खर्च सुमारे १ कोटी ७० लाखांवर आणला गेला. न्यूयॉर्कचा आभास इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या नव्या वसाहतीत उभारला गेला. उड्डाणाचे एकच दृश्य पुनःपुन्हा वापरले गेले. सव्वादोन तासांच्या आसपासची मूळ प्रत कापून दीड तासाची झाली. अण्वस्त्रांचे निर्मूलन हा चित्रपटाचा विषय होता आणि नायक ख्रिस्तोफर रीव्ह यांचा कथेच्या घडणीत सहभाग होता. आशयाचे गांभीर्य चित्रपटाला तारू शकले नाही. यानंतरचा सुपरमॅनपट येण्यास २००६ साल उजाडावे लागले, आणि त्याने तिसऱ्या व चौथ्या भागाची दखलच घेतली नाही.

या अपयशाचे कारण साधनांच्या दारिद्र्यात शोधण्याचा प्रघात आहे. हे कारण कितपत पुरेसे आहे, याची कसोटी खानदेशच्या सीमेवर लागते. मुंबई-आग्रा मार्गावर धुळ्याच्या अलीकडे असलेले मालेगाव १८६९ साली नाशिक जिल्हा निर्माण होईपर्यंत खानदेशातच मोडत होते. पुढे १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे विभाजन होऊन जळगाव आणि धुळे ही त्यांची केंद्रे झाली. परंतु प्रशासकीय रेषांनी बोलींचे आणि बाजारपेठांचे व्यवहार तुटत नसतात. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ (२०००) काढला आणि पुढे गावाचा स्वतःचा सुपरमॅन घडविला. त्याच्या निर्मितीप्रक्रियेवरील फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट सर्वज्ञात आहे. यंत्रमागावर काम करणारे शफीक शेख त्यात नायक होते.

येथील दारिद्र्य मिल्टन कीन्सच्या दारिद्र्याहून कितीतरी अधिक होते. तरीही ते उणीव म्हणून जाणवत नाही. कॅननच्या चित्रपटाला आपली तुटपुंजी साधने लपवावी लागतात, कारण त्याची संहिता वैभवाचा दावा करते. दावा आणि साधने यांतील अंतर हेच तेथे अपयश ठरते. मालेगावचा किरकोळ अंगकाठीचा नायक असा कोणताही दावा करीत नाही. त्याचा शत्रू गावातील घाण आणि तंबाखूचे व्यसन यांचा पुरस्कर्ता आहे. विश्वशांतीच्या जागी गल्लीचे आरोग्य येते, आणि मूळ प्रतिमानाची उंची मोजण्याचे माप प्रेक्षकाच्या हाती येते. भालचंद्र नेमाडे यांनी परकीय प्रभावांच्या देशीकरणाची जी संकल्पना मांडली, तिचे हे साहित्यबाह्य उदाहरण म्हणता येईल. १९८७ सालीच पुनीत इस्सर यांना नायक करून आलेल्या हिंदी ‘सुपरमॅन’ने मूळ हॉलिवूडपटातील दृश्येच उसनी घेतली होती. तेथे अनुकरण होते, रूपांतर नव्हते.

मात्र या निष्कर्षाला एक मर्यादा आहे. अभावाला सौंदर्यमूल्य बहाल करताना अभावाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न उरतोच. शफीक शेख यांचे २०११ साली कर्करोगाने निधन झाले; माहितीपट भारतातील चित्रपटगृहांत आला तो २०१२ साली. २०२५ साली प्रदर्शित झालेल्या रीमा कागती यांच्या ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ने ही कथा आणखी दूर नेली. नासिर यांच्या मूळ कृतीपेक्षा तिच्याविषयीच्या कृतीच अधिक पाहिल्या गेल्या. प्रादेशिक निर्मितीला बाहेरच्या दृष्टीचा मध्यस्थ लागावा, हे तिच्या यशातील न्यून होय.

अयशस्वी चित्रपटाचा वारसा पुढील चित्रपटांनी कोणत्या चुका टाळल्या एवढ्यापुरता मर्यादित नसतो. १९८७चा सुपरमॅन साधनांअभावी कोसळला, हे मत मालेगावमुळे टिकत नाही. उर्दू-हिंदी-अहिराणीच्या सीमेवर घडणारी अशी निर्मिती केवळ भाषेच्या निकषावर मराठी समीक्षेने परकी मानली, तर खानदेशाच्या सांस्कृतिक इतिहासाचे एक प्रकरण अलिखितच राहील.