अळवावरचं पाणी आणि न धुतलेली पानं

अळूवडीसाठी पानं धुवायला घेतली की एक गंमत दिसते. पाणी पानावर पसरतच नाही, थेंब होऊन घरंगळून जातं. आपण तर त्यावरून 'अळवावरचं पाणी' असा वाक्प्रचारच केला. म्हणजे निरीक्षण पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. मग त्याचं शास्त्र व्हायला इतका उशीर का झाला?

गंमत म्हणजे भौतिकशास्त्राचा भाग आधीच तयार होता. खडबडीतपणामुळे पृष्ठभागाचं ओलं होणं कसं बदलतं, हे वेन्झेलने १९३६ मध्ये मांडलं. खाचांमध्ये हवा अडकली की थेंब तिच्यावर तरंगल्यासारखा राहतो, हा हिशोब कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये दिला. पण त्याची सांगड पानांच्या स्वच्छ राहण्याशी कुणी घातली नव्हती.

ती घातली एका वनस्पतिशास्त्रज्ञाने, आणि तीही दुसरंच काम करताना. १९६५ पासून स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बाजारात मिळू लागला. जर्मनीतले विल्हेल्म बार्थलॉट १९७० च्या दशकात त्याखाली पानांचे पृष्ठभाग बघत होते. उद्देश होता वनस्पतींचं वर्गीकरण. नमुना बघण्याआधी स्वच्छ करावा लागतो, हे कंटाळवाणं काम आपल्यापैकी अनेकांनी केलंय. त्यात त्यांना एक उलटी गोष्ट दिसली: गुळगुळीत पानांवर धूळ असायची आणि खडबडीत, मेणचट पानं मात्र जवळजवळ स्वच्छच असायची. आपली समजूत नेमकी याच्या विरुद्ध असते ना?

१९७७ मध्ये ही नोंद छापून आली, पण फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. सविस्तर पुरावा आला तो १९९७ मध्ये, 'प्लांटा' या नियतकालिकात, क्रिस्टोफ नाइनहुइस यांच्यासोबत. त्यांनी दोन्ही प्रकारच्या पानांवर मुद्दाम कण टाकले आणि पाणी सोडलं. खडबडीत पानांवरून थेंबांनी कण पूर्ण उचलून नेले. या पानांत कमळ होतं, आणि आपला अळूही होता!

कारण असं: पानावर सूक्ष्म उंचवटे आणि त्यांवर मेणाचे त्याहून बारीक स्फटिक असतात. धुळीचा कण फक्त टोकांवर टेकतो, त्यामुळे पानापेक्षा थेंबालाच जास्त चिकटतो.

१९९९ मध्ये याच तत्त्वावर इमारतींचा बाहेरचा रंग बाजारात आला. पावसानेच भिंत धुतली जावी, म्हणजे साबण आणि पाणी वाचेल, ही कल्पना. पण इथे गोष्ट संपत नाही. जिवंत पान खरवडलं गेलेलं मेण पुन्हा तयार करू शकतं. भिंतीवरचा रंग तसं करत नाही. शिवाय पाणी झटकणारे अनेक लेप फ्लोरिनयुक्त रसायनांवर चालतात आणि त्यांतली बरीचशी निसर्गात लवकर विघटित होत नाहीत. पानाचा आकार आपण उचलला, त्याचं रसायन आणि दुरुस्तीची पद्धत अजून शिकायची आहे. 'निसर्गापासून प्रेरित' म्हणजे आपोआप 'शाश्वत' असं होत नाही. तुमच्या प्रपोजलमध्ये हे दोन शब्द शेजारी आले तर मधली पायरी नक्की दाखवा.

आणि एक छोटं काम आजच करा. लॅबच्या वहीत 'नमुना तयार करताना' असा एक रकाना आखा. कुठला नमुना धुवायला त्रास झाला, कुठला धुवावाच लागला नाही, एवढंच लिहा. बार्थलॉट यांचा प्रश्न तिथेच सापडला होता.