पुण्याचा अनाम शल्यवैद्य

‘नाक कापणें’ हा आपल्या भाषेंत अप्रतिष्ठेचा वाक्प्रचार आहे. परंतु एके काळीं तो केवळ वाक्प्रचार नव्हता. चोराचें, शत्रूचें, अथवा व्यभिचाराचा आळ आलेल्या स्त्रीचें नाक खरोखरच कापलें जाई. जेथें हा क्रूर दंड होता, तेथेंच त्याचा परिहार करणारी विद्याही वाढली, यांत नवल नाहीं. त्या विद्येच्या इतिहासांतील एक मोठें प्रकरण पुण्याजवळ घडलें.

ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकांत एक पत्र प्रसिद्ध झालें. कावसजी या नांवाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेंत बैल हांकण्याच्या कामावर होता. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धांत तो टिपूच्या हातीं सांपडला, व तेथें त्याचें नाक आणि एक हात कापण्यांत आला, असें तें पत्र सांगतें. वर्षाहून अधिक काळ तो विद्रूप मुखानें वावरला. नंतर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका मनुष्यानें त्यास नवें नाक बसविलें. मुंबई इलाख्यांतील क्रूसो व फिंडले या डॉक्टरांनीं ही क्रिया स्वतः पाहिली होती.

क्रिया अशी: प्रथम मेणाच्या पातळ पत्र्याचें नाक करून तें बसवून पाहावयाचें, मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवून त्याभोंवती रेघ ओढावयाची, व तेवढी त्वचा सोडवावयाची. मात्र दोन भुंवयांमधील एक चिंचोळी पट्टी तोडावयाची नाहीं. हें सारें मर्म त्या पट्टींत आहे. कारण नवी जागा रक्त पुरवूं लागेपर्यंत ती त्वचा तिच्याच आधारें जगते. नंतर जुन्या व्रणाच्या कडा ताज्या करून, त्वचा पिळा देऊन खालीं वळवून त्यांत बसवीत, व वर पाण्यांत कालविलेल्या काथाच्या पट्ट्या लावीत. चार दिवसांनीं त्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं ठेवीत. सुमारें पंचविसाव्या दिवशीं ती पट्टी तोडीत.

सुश्रुतसंहितेंत कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार आहेत व नाक करण्याची रीतिही आहे. पानानें माप घ्यावें, श्वासासाठीं दोन नळ्या ठेवाव्या, हें सर्व तींत आहे. परंतु त्वचा घ्यावयाची ती गालाची. पुण्याच्या कारागिरानें ती कपाळाची घेतली. म्हणजे हात पोथीच्या पुढें गेला होता; पण त्या पुढच्या पावलाची हकीकत जगापुढें आली ती इंग्रजींत.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्यानें ही रीति अनेक वर्षें मनांत घोळविली, प्रेतांवर तिचा अभ्यास केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं एका लष्करी अधिकाऱ्यावर ती यशस्वी केली. यकृताच्या विकारावर पारा घेतल्यानें त्या अधिकाऱ्याचें नाक नष्ट झालें होतें. गुंगी आणणारें औषध त्या काळीं नव्हतें. १८१६ मध्यें कार्प्यूनें आपला ग्रंथ छापला, आणि ही विद्या युरोपांत पसरली. आजही मोठ्या नासाक्षतांत कपाळाचीच त्वचा वळवितात.

आतां या कथेंतील नांवें मोजून पाहावीं. रोग्याचें नांव राहिलें, साक्षीदारांचीं राहिलीं, रोग्याचें चित्र काढणाऱ्या जेम्स वेल्सचें राहिलें, अनुकरण करणाऱ्या कार्प्यूचेंही राहिलें. ज्यानें नाक केलें त्याची मात्र जात तेवढी लिहिली गेली. याचा दोष केवळ परक्या पत्रलेखकाच्या माथीं मारून चालणार नाहीं. सवाई माधवरावांच्या काळचें पुणें हें कागदांचें शहर होतें; फौजेची रोजमुरा, दक्षिणेचा हिशेब, कोठाराचें धान्य, सर्व टिपून ठेवणारे कारकून तेथें होते. लेखणी होती, शास्त्रही होतें. पण वीटभट्टीवरच्या माणसाच्या हातांतील विद्या ही लिहून ठेवण्याजोगी विद्या आहे, हें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. शल्यशास्त्राच्या ग्रंथांत ही रीति ‘भारतीय पद्धति’ म्हणून ओळखली जाते, याचा आपणांस अभिमान वाटतो. तो वाटावा, परंतु देशाचें नांव अजरामर झालें आणि कर्त्याचें बुडालें, ही खंतही त्या अभिमानाबरोबर बाळगली पाहिजे.