उरलेला त्रिकोण

प्लेन टेबलवर जमिनीची मोजणी करणारा तीन ओळखीच्या खुणांच्या रोखाने तीन रेघा ओढतो. त्या एका बिंदूत मिळाल्या की आपण कुठे उभे आहोत ते कागदावर सापडतं. सहसा त्या मिळत नाहीत, मध्ये बारीकसा त्रिकोण उरतो. टेबल नीट दिशेला लागलेलं नाही, हे त्या त्रिकोणावरूनच कळतं.

आरोग्य संशोधनात आकडे आणि मुलाखती यांची सांगड घालणाऱ्यांचा लाडका शब्द ‘ट्रँग्युलेशन’, म्हणजे एकच गोष्ट वेगवेगळ्या पद्धतींनी पडताळणं. कॅम्पबेल-फिस्क 1959, वेब आणि सहकारी 1966, डेन्झिन 1970 ही वंशावळ सगळेच देतात. पण मूळ पुरुष कोण? संशोधक टॉड जिकने 1979 मध्ये नौकानयन आणि लष्करी डावपेचांकडे बोट दाखवलं. मला ही सोयरीक मोजणीवाल्यांशीच जुळवावीशी वाटते. 1802 मध्ये मोजणीदार लॅम्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजली, आणि पुढे अख्खा देश त्रिकोणांत बसवला गेला. जिकची बाजू घ्यायची तर नाविकांच्या नकाशावरही असाच त्रिकोण उमटतो. म्हणजे मूळ कुठलंही धरा, उसनवारीत नाव आलं आणि उरलेला त्रिकोण मागे राहिला. दोन्ही पद्धतींनी एकच निष्कर्ष निघाला, एवढं लिहिलं की संशोधक मोकळे!

डेन्झिनचं 1970 हेच जामखेडचंही साल. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेव्हा आरोग्य प्रकल्प सुरू केला. बहुतांश निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या. हात धुऊन, स्वच्छ पात्याने नाळ कापून बाळंतपणं करू लागल्या. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये तुलना छापून आली: आसपासच्या इतर गावांपेक्षा प्रकल्पातल्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका 30 टक्क्यांनी कमी. अंदाजाचा पल्ला मात्र 6 ते 48 टक्के. आणि हा आकडा बाळाचा पहिला महिना उलटल्यानंतरचा! सेविकांची हकिगत सुरू होते ती बाळंतपणापासून. या दोन रेघा मिळत नाहीत.

माझा तर्क असा, की पंचक्रोशीतच सोयरिकी होत असल्याने लेकींबरोबर स्वच्छ पात्याची रीतही तुलनेतल्या गावांत सासरी गेली असावी, आणि म्हणून पहिल्या महिन्यात फरक दिसला नसावा. मॅकगिल विद्यापीठात जन्मलेल्या, 2018 मध्ये सुधारलेल्या संशोधनाच्या तपासणी-साधनात अशा मिश्र पद्धतीसाठी पाच प्रश्न आहेत. आकडे आणि हकिगती जिथे जुळत नाहीत त्याचं काय केलंत, हा त्यातला चौथा. मी तो पहिला घेतला असता, आणि आधी त्या सासुरवाशिणींना गाठलं असतं.