रकान्यांचा क्रम

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. बाळशास्त्री जांभेकर तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते. आरंभी पाक्षिक असलेले हे पत्र त्याच वर्षीच्या मे महिन्यात साप्ताहिक झाले आणि १८४० पर्यंत चालले. हा इतिहास पाठ्यपुस्तकांतून सर्वांना परिचित आहे, त्यामुळे तो येथे पुन्हा उगाळण्याचे कारण नाही. आपल्याला पाहायची आहे ती त्या अंकाच्या पानाची रचना. पान उभ्या दोन रकान्यांत विभागलेले होते. एका रकान्यात इंग्रजी मजकूर असे, दुसऱ्यात मराठी.

या रचनेचे स्पष्टीकरण सहसा एका वाक्यात उरकले जाते: राज्यकर्त्यांना कळावे म्हणून इंग्रजी आणि लोकांना कळावे म्हणून मराठी. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. तेवढ्यासाठी अंकाचा पूर्वार्ध इंग्रजीत आणि उत्तरार्ध मराठीत छापूनही भागले असते. शेजारी-शेजारी रकाने बसवणे हे जुळाऱ्याच्या दृष्टीने अधिक कष्टाचे काम. देवनागरीच्या ओळीला वर वेलांटी-मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा सोडावी लागते, रोमन ओळ तेवढी जागा घेत नाही. त्यामुळे एकाच आशयाचे दोन परिच्छेद एकाच उंचीवर संपतील याची खात्री कधीच नसते. तरीही हा खटाटोप झाला, कारण शेजारच्या मांडणीत एक गोष्ट साधते जी मागे-पुढे छापण्यात साधत नाही. दोन्ही भाषा एकाच वेळी वाचकासमोर येतात.

छापील पानाचा हा गुण इतका अंगवळणी पडलेला आहे की तो गुण आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. कागद एकदम हाती येतो. डावीकडचा रकाना ‘आधी’ आणि उजवीकडचा ‘नंतर’ हा केवळ डोळ्यांच्या सवयीचा भाग, आणि ज्याला इंग्रजी येतच नाही त्याच्यापुरता इंग्रजी रकाना अस्तित्वातच नसतो. तो थेट आपल्या रकान्याशी जातो. कोणत्या वाचकाला पहिला मान, या प्रश्नाचे उत्तर संपादकाला द्यावेच लागत नाही.

(हस्तलिखित पोथ्यांनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला होता. त्रिपाठ पद्धतीच्या पोथीत मूळ संहिता पानाच्या मध्यभागी ठसठशीत अक्षरांत आणि टीका तिच्या वर व खाली बारीक अक्षरांत. वरून खाली वाचू लागणाऱ्या अनभिज्ञाला आधी टीका भेटते आणि मूळ नंतर. जाणकाराचा डोळा मात्र आधी मध्यावर जातो. पानावरचे स्थान एक आणि वाचनाचा क्रम दुसरा, हा भेद आपल्याकडे छापखान्याच्या कितीतरी आधीपासून होता.)

पुढे द्वैभाषिक पत्रांची परंपराच निर्माण झाली. १८६२ मध्ये निघालेले ‘इंदुप्रकाश’ त्यातलेच. त्याच्या इंग्रजी बाजूचे संपादन काही काळ न्यायमूर्ती रानड्यांकडे होते. ‘सुधारक’ १८८८ मध्ये निघाला तेव्हा आगरकर मराठीत लिहीत आणि इंग्रजी बाजू काही काळ गोखल्यांनी सांभाळली. मात्र त्याआधीच, १८८१ च्या जानेवारीत, दोन दिवसांच्या अंतराने निघालेल्या ‘मराठा’ आणि ‘केसरी’ यांनी रकान्यांची सोयरीक मोडली होती. इंग्रजी वाचकाला एक पत्र, मराठी वाचकाला दुसरे. मला हा बदल वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचा वाटतो. शेजारी इंग्रजी रकाना असला की मराठी वाक्य कळत-नकळत त्याच्याकडे बघून लिहिले जाते. ‘केसरी’च्या मराठीवर ते दडपण नव्हते.

शंभर-सव्वाशे वर्षांनी हा सगळा प्रश्न महाजालावर नव्याने उभा राहिला, आणि या वेळी त्याला बगल देणे शक्य नव्हते. कारण महाजालावरचे पान एकदम हाती येत नाही. ते अक्षरामागून अक्षर असे, तारेतून ओघळत येते. एचटीएमएलच्या संहितेत जे आधी लिहिले ते आधी पोचते. छपन्न किलोबिटच्या मोडेमवर शंभर किलोबाइटचे पान उतरायला अगदी आदर्श स्थितीतही चौदा सेकंद लागत, आणि आपल्याकडच्या दूरध्वनीच्या तारांवर आदर्श स्थिती क्वचितच असे.

नव्वदच्या दशकात रकाने पाडण्यासाठी तक्ता वापरत. तक्ता वस्तुतः आकडेवारीसाठी होता, पण रकाने देणारे दुसरे साधन हाताशी नव्हते. त्यात दोन अडचणी होत्या. पहिली अशी की नेटस्केपसारखे त्या काळचे न्याहाळक बहुधा संपूर्ण तक्ता हाती आल्याखेरीज त्यातले काहीच दाखवत नसत, कारण रकान्यांची रुंदी सर्व मजकूर पाहिल्यावरच ठरे. दुसरी अशी की तक्ता ओळीने, डावीकडून उजवीकडे लिहिला जातो. डाव्या रकान्यात दुव्यांची यादी आणि मध्ये लेख असेल, तर संहितेत यादी आधी आणि लेख नंतर. लेखासाठी आलेल्याला आधी अनुक्रमणिका ऐकवायची, असा प्रकार.

यावर कारागिरांनी काढलेली तोड जुन्या जुळाऱ्यांना आवडली असती. तक्त्याच्या पहिल्या ओळीत डावीकडे एक रिकामा कप्पा ठेवायचा. त्याच्या शेजारी लेखाचा कप्पा, जो दोन ओळींइतका उंच असेल. मग दुसऱ्या ओळीत, त्या रिकाम्या कप्प्याखाली, यादी. डोळ्यांना यादी डावीकडेच दिसते, संहितेत मात्र लेख तिच्या आधी येतो.

पुढे सीएसएस रुळल्यावर तक्ते मागे पडले. रकाने तरंगते ठेवून, समासाला ऋण मूल्य देऊन, संहितेत आधी असलेला मजकूर पडद्यावर मधोमध बसवण्याच्या युक्त्या निघाल्या. जानेवारी २००६ मध्ये मॅथ्यू लेव्हिन यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’वर मांडलेली तीन रकान्यांची रचना त्यात विशेष गाजली. तोवर वेगाची निकड ओसरू लागली होती, तरी क्रमाचा प्रश्न ओसरला नव्हता. दृष्टिहीन वाचकाचा पडदावाचक पान पाहत नाही. तो संहिता क्रमाने वाचतो. त्याच्यासाठी डावे-उजवे नाही, केवळ आधी आणि नंतर. मे १९९९ च्या सुगम्यतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत म्हणूनच अशी अट होती की सरळ ओळीत उलगडल्यावर अर्थ लागत नसेल तर तक्ता मांडणीसाठी वापरू नये. २०१७ मध्ये प्रमुख न्याहाळकांत ग्रिड आल्यावर कोणताही तुकडा कोठेही मांडता येऊ लागला, आणि तिच्या विनिर्देशातच बजावले गेले की दृश्य क्रम बदलून तार्किक क्रम बदलल्याचा आव आणू नये.

आता हे सारे ‘दर्पण’ला लावून पाहावे. समजा, तो अंक संगणकीय संहितेच्या रूपात आणायचा आहे. नागपूर–अमरावती महामार्गावरच्या कारंजा (घाडगे) येथील एखादी विद्यार्थिनी तो भ्रमणध्वनीवर उघडील. त्या अरुंद पडद्यावर दोन रकाने शेजारी मावत नाहीत. ते एकाखाली एक येतात, संहितेत जसे लिहिले असतील तसे. इंग्रजी रकाना अखंड आधी लिहिला, तर मराठीपर्यंत पोचायला तिला बराच वेळ अंगठा सरकवावा लागेल. परिच्छेदागणिक आलटून-पालटून लिहिला, तर अनुवादाच्या अभ्यासकाची सोय होईल, पण केवळ मराठी वाचणाऱ्याला दर परिच्छेदाला एक उडी मारावी लागेल. जे उत्तर बाळशास्त्र्यांना द्यावे लागले नाही ते आजच्या संपादकाला द्यावेच लागते.

यंत्राकडून अक्षरे ओळखवून घेतानाही तीच गोम आहे. रकान्यांमधली उभी फट यंत्राच्या ध्यानात आली नाही, तर ते पानाची पूर्ण रुंदी एक ओळ समजते आणि अर्धे इंग्रजी वाक्य अर्ध्या मराठी वाक्याला जोडून टाकते. म्हणून आधी पानाचे विभाग हाताने आखून घ्यावेत आणि मगच अक्षरे वाचवावीत. माझे मत विचाराल तर संहितेत मराठी रकाना सलग आणि आधी ठेवावा. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक देऊन इंग्रजी प्रतिरूपाशी दुव्याने जोडावे, आणि दोन्हींवर भाषेची खूण करावी, म्हणजे पडदावाचक मराठीचा उच्चार मराठीसारखा करील. रुंद पडद्यावर दोन्ही रकाने मूळ अंकात होते त्याच जागी दिसतील, एवढी व्यवस्था ग्रिडने होते.