देवळाचे कंगोरे : सूत्रधाराच्या दोरीपासून संगणकापर्यंत

कामठीहून कन्हान ओलांडून उत्तरेकडे निघाले की रामटेकची वाट लागते. इंग्रजांनी कामठीस छावणी वसविली ती १८२१ साली. त्याच्या सुमारे चौदाशे वर्षे आधी त्या डोंगरावर वाकाटकांच्या काळातील दगडी देवळे उभी राहिली होती.

भाविकाची दृष्टी मूर्तीकडे जाते, शिखराकडे जाते, पायथ्याकडे क्वचितच. परंतु देवळाची घडण समजून घ्यायची तर पीठावरील आडवे कंगोरेच पाहावे लागतात. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या आश्रयाने सूत्रधार मंडनाने ‘प्रासादमंडन’ हा ग्रंथ रचला. त्यात या थरांचा क्रम बांधून दिलेला आहे : पीठास जाड्यकुंभ, कर्णिका, ग्रासपट्टी, वर भिंतीस खुर, कुंभ, कलश, अंतरपत्र, कपोताली. ही नुसती शोभा नव्हे. जाड्यकुंभाच्या उतारावरून पाणी ओसरते, पुढे आलेल्या कपोतालीवरून ते भिंतीबाहेर ठिबकते, आणि अंतरपत्राच्या खाचेत सावली धरते म्हणून थर वेगळे दिसतात. (विदर्भात कोणतेही जुने दगडी देऊळ ‘हेमाडपंती’ ठरते, वास्तविक हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री, आणि त्यांतील कित्येक देवळे त्याच्याही आधीची.)

खरी कसोटी कोपऱ्यावर. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचा तळ तारकाकृती आहे. तेथे एकच रेघ कितीतरी कोनांतून वळते, आणि प्रत्येक वळणावर दोन दगडांचे कंगोरे तंतोतंत जुळावे लागतात.

पुढे चुन्याचे काम करणाऱ्या गवंड्याने पत्र्याचा फर्मा कापला आणि ओल्या गिलाव्यावरून ओढला. कंगोरा उमटत गेला. संगणकाची युक्ती याहून निराळी नाही. ऑटोकॅड १९८२ साली आणि स्केचअप २००० साली आले. स्केचअपमध्ये कंगोऱ्याचा आडवा छेद एकदा रेखाटायचा, तळाची वाट दाखवायची, की ‘फॉलो मी’ या साधनाने छेद त्या वाटेने फिरतो आणि कोपरे आपोआप जुळतात.

जीर्णोद्धारात हे उपयोगी पडते, पण मोजमाप आधी झाले तरच. पुष्कळ गावी प्रथम फरश्या व तैलरंग येतात, मग जुन्याची आठवण होते. सिमेंटचा कठीण थर आतील ओल कोंडतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. शिवाय झाकले गेले ते पिढ्यान् पिढ्या झाकलेलेच राहते. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरातील वाकाटककालीन शिलालेख १९८० नंतरच्या दशकात उजेडात आला, तो भिंतीवरील लेप निघाल्यावर. तोपर्यंत त्याच भिंतीसमोर लोक हात जोडून जात होते.

संगणकाला मात्र झिजलेला दगड ओळखता येत नाही. पावसाच्या माऱ्याकडील कंगोरा गोल झालेला असतो. त्याचे माप घेतले तर सबंध देऊळच बोथट उमटेल. म्हणून जाणता कारागीर आडोशाची बाजू शोधतो, तेथील धार बोटाने चाचपतो, आणि जाड कागद दगडाला भिडवून छेदाची रेघ पेन्सिलीने उतरवून घेतो.