भीमजी पारेखांचे खिळे

सुरत म्हटली की मराठी माणसाला शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. त्या १६७० सालीच सुरतेच्या भीमजी पारेखांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे एक वेगळीच मागणी पोचवली. इंग्लंडहून मुंबईला एक चांगला मुद्रक पाठवा, त्याला तीन वर्षे दरसाल ५० पौंड मी देतो, अवजारांचा खर्चही माझा. ब्राह्मणांकडच्या जुन्या पोथ्या त्यांना छापून हव्या होत्या.

भीमजी कंपनीचे दलाल. १६६९ साली काझीच्या जाचाला कंटाळून सुरतेतले हजारो वाणी घरदार सोडून भडोचला निघून गेले, तेव्हा पुढारीपण याच माणसाकडे होते. पोथ्या छापण्याची त्यांची इच्छा या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. ती श्रीमंताची हौस वाटत नाही.

१६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्र, इंग्रजी खिळे (म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरे) आणि कागद घेऊन निघाला. शिवाजी महाराजांनी छापखाना आणला होता, तो चालेना म्हणून भीमजींना विकला, अशी कथा मराठीत वाचायला मिळते. कंपनीच्या पत्रव्यवहाराशी ती जुळत नाही. यंत्र इंग्लंडहून आले आणि पैसे भीमजींच्या खात्यावर पडले, असेच ती पत्रे सांगतात.

यंत्र आले आणि काम अडले. हिल्सला छापता येत होते, खिळे ओतता येत नव्हते. इंग्लंडमध्ये हे दोन धंदे वेगळे होते.

खिळा ओतायचा तर आधी पोलादी दांड्याच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. पोलादाला पाणी द्यायचे, मग तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा, की तांब्यात अक्षराचा खोलगट साचा उठतो. हा तुकडा हातात धरायच्या ओतसाच्याच्या तळाशी बसवून वरून वितळलेले शिसे ओतायचे; त्यात कथील आणि अँटिमनी मिसळलेले असते. खरी करामत ओतसाच्यात आहे. त्याचे दोन भाग एकमेकांवर सरकतात. उंची तीच ठेवून रुंदी कमीजास्त करता येते, म्हणून ‘र’ला चिंचोळा खिळा मिळतो आणि ‘क्ष’ला ऐसपैस. रुंदीत किंवा उंचीत केसभर फरक पडला तरी ओळ डगमगते.

हे कसब शिकवणारे कोणी नसताना भीमजींच्या कारागिरांनी ‘बनिया’ म्हणजे वाण्यांच्या लिपीतल्या अक्षरांचे खिळे पाडले. १६७६ च्या सुरतेच्या पत्रात त्याची नोंद आहे. त्या अक्षरांत छापलेले काही कागद इंग्रज अधिकाऱ्यांनी स्वतः पाहिले होते आणि ते सुबक, वाचनीय असल्याचे त्यांनी कळवले. अनुभव नसल्याने वेळ आणि पैसा मात्र फार जात होता. म्हणून भीमजींनी पुन्हा विनंती केली, आता खिळे ओतणारा पाठवा, खर्च माझाच.

आपल्या लिप्यांपुढे खिळे पाडण्याची ही अडचण आधीही उभी राहिली होती. गोव्यातल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्रीने १६०८ साली रोमला लिहिताना इथल्या लिपीला सुमारे ६०० साचे लागतील असा हिशेब मांडला होता. पुढे १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, ते मराठी असूनही रोमन लिपीत.

अक्षरागणिक बदलणाऱ्या रुंदीचा प्रश्न पुढे टाइपरायटरने उलट बाजूने सोडवला. त्यात दर ठोक्याला कॅरेज तेवढीच सरकते, त्यामुळे ‘र’ आणि ‘क्ष’ यांना जागा सारखीच. देवनागरीला हा अंगरखा घट्टच झाला. अर्धा ‘ण’ मारून मग काना जोडायचा. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळांवर कॅरेज हलतच नाही. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला आणि मराठी कचेऱ्यांत हीच समरुंद अक्षरे रूढ झाली. फितीची शाई सुकलेली, ‘अ’चे टोक झिजलेले, एखादे अक्षर ओळीवर चढलेले, अशा कागदांवर कितीतरी घरांची खरेदीखते आणि मृत्युपत्रे उभी आहेत. महाराष्ट्रातली टाइपरायटरवरची सरकारी परीक्षा २०१७ पर्यंत चालली.

आता त्या झिजेलाच मागणी आहे. डच आरेखक एरिक व्हान ब्लोकलांड यांनी १९९१ साली टाइपरायटरच्या मळकट ठशांवरून ‘ट्रिक्सी’ हा फाँट केला. ‘द एक्स-फाइल्स’ मालिकेच्या नावासाठी वापरल्यामुळे तो जगभर ओळखीचा झाला. पोलिसी फाइल, गुप्त कागद, जुने पत्र असा भास हवा असेल, तर आरेखक अशाच फाँटकडे वळतात. हे काम कौशल्याचे आहे यात शंका नाही. पण सुरतेच्या कारागिरांना एक सरळ ओळ मिळवायला काय किंमत मोजावी लागली, हे कळल्यावर त्या डागांकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. त्यांची अक्षरे कुठे खडबडीत निघालीच असतील, तर ती अंधारात चाचपडत शिकल्यामुळे.

१६७८ साली कंपनीने खिळे ओतणारा पाठवल्याचा उल्लेख येतो आणि धागा तिथे तुटतो. भीमजींच्या छापील कागदाचा एकही नमुना आज समोर नाही, आणि पश्चिम भारताच्या मुद्रणेतिहासात याहून मोठी हानी क्वचितच सापडेल. हुगळीला चार्ल्स विल्किन्स या इंग्रजाचे बंगाली खिळे छापून दिसले ते १७७८ साली, म्हणजे सुरतेनंतर शंभर वर्षांनी. मुंबईत गुजराती खिळे १७९७ मध्ये बेहरामजी जीजीभाईंनी पाडले. १८१२ साली तिथे गुजराती छापखाना काढून १८२२ मध्ये ‘मुंबई समाचार’ सुरू करणारे फर्दुनजी मर्झबान मूळचे सुरतेचेच. आणि खुद्द सुरतेत गुजराती पुस्तके छापली जाऊ लागली ती मिशनऱ्यांच्या छापखान्यात, १८२० च्या सुमारास.