त्यागराजांचा दुसरा चित्रपट

तिरुवैयारूत कावेरीकाठी कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज (१७६७–१८४७) यांची समाधी आहे. त्यांचं चरित्र तेलुगू पडद्यावर गाजलं ते १९४६ साली. चित्तूर नागय्यांनी ‘त्यागय्या’ काढला. दिग्दर्शन, अभिनय, गायन सगळं त्यांचंच. १९८१ साली दिग्दर्शक बापूंनी त्याच नावाने तोच विषय पुन्हा घेतला. नायक सोमयाजुलू, संगीत महादेवन यांचं, गळा बालसुब्रह्मण्यम यांचा, म्हणजे नुकत्याच गाजलेल्या ‘शंकराभरणम्’चीच मंडळी. यात धंद्याचा हिशेब होताच. पण तेवढ्याने दुसरा चित्रपट निरर्थक ठरत नाही.

त्यागराजांच्या कृती, म्हणजे गेय रचना, दर पिढी नव्याने गाते, मग चित्रपट का नको, असा युक्तिवाद होतो. तो लंगडा आहे. कृतीचा एकच अंतिम अवतार नसतो, चित्रपट मात्र एका चेहऱ्यात कायमचा गोठतो. प्रभातच्या १९३६च्या ‘संत तुकाराम’मधले विष्णुपंत पागनीस इतके ठसले, की २०१२ साली तुकाराम साकारणाऱ्या जितेंद्र जोशींची तुलना त्यांच्याशी होणं अटळच होतं. नव्याने जुन्याची जागा बळकावावी हे कुणालाच नको. पण जुना चित्रपट मुळात विस्मृतीत जातो तो प्रती जपल्या न गेल्याने. त्याचा उपाय पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी आहे, नव्या निर्मितीवरच्या बंदीत नाही.

खरा प्रश्न आधीच्या कथनात काय सुटलं हा. त्यागराजांनी तंजावरच्या मराठा राजाचं द्रव्य नाकारलं, ही कथा लोकप्रिय आहे आणि तिच्यातला राजा बहुधा दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) असतात. भक्ताची निःस्पृहता उजळायला कुणीतरी मोहात पाडणारा लागतो, म्हणून राजाच्या वाट्याला ती भूमिका येते. सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवणारा, मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिणारा हाच राजा त्या चौकटीत मावत नाही. मराठी वाचकाला हे खटकेल. खटकायला हवंही, पण आपला म्हणून त्याला निष्कलंक करणंही तितकंच खोटं. शिवाय चरित्रपट नायकाच्या मृत्यूपाशी थांबतो आणि तिरुवैयारूचा पुढचा इतिहास बाहेरच राहतो. समाधीपाशी त्यांच्या पुण्यतिथीला होणाऱ्या संगीतोत्सवावरून, म्हणजे आराधनेवरून, गायकांत तट पडले होते, स्त्रियांना तिथे गाऊ देत नव्हते. बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कुळातल्या गायिकेने १९२०च्या दशकात स्वतःच्या पैशाने समाधिमंदिर उभारलं आणि बायकांच्या गाण्यासाठी भांडण मांडलं. तट एकत्र आले ते १९४०च्या सुमारास. तिसरा ‘त्यागय्या’ कुणी काढलाच, तर त्याने सुरुवात तिच्यापासून करावी.